परंतुकवाले काका

इंदूर शहरात कायदा माहीत नसलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही. पोह्यांच्या गाडीशी उभं राहावं, तर कोणीतरी कोणाला तरी जामीन कसा मिळतो ते समजावत असतो. रिक्षात बसावं, तर रिक्षावाला भिया सिग्नल सुटायच्या आत दोन भावांच्या घराचा निकाल लावून मोकळा. अशा या शहरात, कायद्याची कपाटंच्या कपाटं ताब्यात असूनही तो कोणालाही सांगायचा नाही, असं व्रत घेतलेला मनुष्य एकच होता, आणि तो नेमका माझ्या डोक्यावर बसत असे. मी स्नेहलतागंजात साड्यांना फॉल-पिको करण्याच्या दुकानात काम करते. त्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर कायद्याच्या पुस्तकांचं एक जुनं वाचनालय आहे. होळकरांच्या अमदानीत कोण्या हौशी वकिलानं ते काढलं, आणि ते सांभाळणारे हे आमचे वरचे काका. गल्लीत त्यांना 'परंतुकवाले' म्हणतात. ते का, हे ओघात येईलच.

सगळ्या वाचनालयांत 'शांतता राखा' अशी पाटी असते. काकांच्या वाचनालयात दाराशी लाकडी पाटी होती: 'कृपया मोठ्याने वाचा.' पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, रंगाऱ्यानं घोळ केला. पण तो काकांचा पक्का नियम होता. कोणी प्रश्न घेऊन आला की काका त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेत, डोळे मिटून, मान हलवत. त्याला वाटे, आता हे सांगणार. काका उठत, शिडी लावत, एखादं जाडजूड पुस्तक काढून त्याच्यासमोर ठेवत आणि म्हणत, "हं. वाचा. मोठ्यानं." माणूस म्हणे, "अहो काका, तुम्हीच सांगून टाका ना, दुकान उघडं टाकून आलोय." यावर काकांचं उत्तर ठरलेलं. "मी सांगितलं तर ते माझं राहील. बाहेर पडेपर्यंत अर्धं गळून जाईल. वाचा."

बरं, वाचायचंही कुठूनही नाही. कायद्याच्या नावापासून सुरुवात. "ज्याचं नाव माहीत नाही त्याला हाक कशी मारणार?" असं ते म्हणत. नाव, मग साल, मग गणराज्याच्या कितव्या वर्षी संसदेनं तो केला ते, आणि मगच आपलं कलम. वाचणारा थांबला की काका म्हणत, "पुढे?" आणि कलमाच्या शेवटी 'परंतु' आला की खुर्चीत सावरून बसत, एखादा माणूस गाण्यातली आवडती जागा आली की बसतो तसे. कलमाच्या शेपटाला 'परंतु' म्हणून जे जोडलेलं असतं त्याला परंतुक म्हणतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. काकांचा जीव त्या शेपटात. "कलम सरकारचं असतं बाई," ते सांगत, "परंतुक आपलं असतं. गरीब मनुष्य सगळा परंतुकात राहतो."

या मोठ्यानं वाचण्याचा परिणाम असा की वर चाललेला कायदा लाकडी तख्तपोशीतून थेट आमच्या दुकानात गळायचा. गिऱ्हाईक बाई राणी रंगाचा फॉल घ्यावा की गुलबक्षी या विचारात असायची आणि वरून कोणाचा तरी खर्जातला आवाज यायचा, "माल में त्रुटि पाई जाने पर उपभोक्ता…" बाई दचकून फॉल परत ठेवायची. आमच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे भाभी म्हणतात, त्या कपाळाला हात लावून छताकडे बघत, "काकासाब, धंद्याच्या टाइमला तरी दुसरं काही वाचवा हो!" कोपऱ्यावरच्या पोहेवाल्यानं फूटपाथवरच्या गाड्यांचा कायदा वर बसून वाचला होता. त्याच्या बोलण्यात ते परंतुक असं काही मुरलं की अजूनही तो गिऱ्हाइकाला म्हणतो, "सेव एक्स्ट्रा मिलेगी भिया. परंतु, कांदा नहीं मिलेगा."

काकांना पुस्तकं माणसांसारखी होती. शिवण उसवलेल्या खंडाला ते "यांची तब्येत ठीक नाही" म्हणत आणि आडवं निजवून ठेवत. खिशात कायम जीरावणाची, म्हणजे पोह्यांवरच्या आंबट-तिखट मसाल्याची, पुडी. चहा सोडून दुसऱ्या कशावरही ते जीरावण भुरभुरत, त्यामुळे फौजदारीच्या कपाटालाही मंद आमचुराचा वास होता. वकील मंडळींनी वर येणं कधीच सोडलं होतं. एकदा एक तरुण वकील आला, तोही उन्हातून जरा टेकायला. "काका, आता सगळं मोबाइलमध्ये आहे." काका म्हणाले, "असेल. पण तो मोठ्यानं वाचतो का?" वकिलानं बटण दाबलं आणि मोबाइल खरोखर एका बाईच्या आवाजात कलम वाचू लागला. काका हरखून ऐकत राहिले. मग 'परंतु' आला आणि ती बाई दम न घेता सरळ पुढे निघून गेली. काका मोबाइलला रागावले, "अहो थांबा थांबा! तिथे थांबायचं असतं!" बाई थांबली नाही. काकांचं तिच्याविषयी मत कायमचं वाईट झालं.

मी त्यांच्याकडे गेले ती भीतीनं अर्धी होऊन. आम्ही मूळ उदगीरकडचे. नवऱ्याला इथल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात काम मिळालं, म्हणून शाळेचं वर्ष सुरू झाल्यावर सामान बांधून आलो. इथली मराठीसुद्धा मला नवी. कोणी 'मी येऊन राहिलो' म्हणालं की मला वाटायचं हे येऊन मुक्कामालाच राहणार. त्यात मी सातवी शिकलेली. पुढची शाळा लांब होती, घरच्यांनी पाठवलं नाही. कचेरी, शाळा, बँक असं काहीही आलं की मी दहादा कागद तपासते. आधारकार्डाच्या झेरॉक्सा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी भाजी आणायलासुद्धा जायचे, न जाणो कोणी विचारलं तर.

माझी मुलगी पिंकी सहावीत जायची होती. गल्लीच्या टोकालाच सरकारी शाळा. तिथले बाबूजी म्हणाले, "टीसी लाओ. उस पर वहाँ के अफसर की साइन लाओ. फिर देखेंगे." गावाकडे फोन केला तर हेडमास्तर म्हणाले, दाखला तयार आहे, साहेबांची सही व्हायची आहे, साहेब दौऱ्यावर आहेत. असं होता होता आठवडे गेले. पिंकी रोज माझ्याबरोबर दुकानात येई, खाली बसून फॉलच्या गुंडाळ्या करी. हात चलाख होता पोरीचा. भाभी कौतुकानं म्हणाल्या, "ही तर सीखली की हो! राहू द्या इथेच." त्यांनी वाईट मनानं म्हटलं नव्हतं. पण माझ्या हातातली सुई थांबली. मलासुद्धा कोणीतरी असंच म्हणालं होतं, भाकरी छान थापते, राहू दे घरीच.

त्या दुपारी मी पिंकीचा हात धरून जिना चढले. काकांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. उठले. शिडी लावली. एक बारकंसं पुस्तक काढलं आणि म्हणाले, "हं. वाचा."

"काका, मला नाही येत. हिंदी आहे. मी सातवी आहे."

"सातवीत अक्षरं संपतात का? वाचा."

मी वाचू लागले. "निःशुल्क और अनिवार्य बाल शिक्षा का अधिकार अधिनियम…" 'निःशुल्क'लाच माझी जीभ अडकली. काका तेवढंच म्हणत, "पुढे?" भारत गणराज्याच्या साठाव्या वर्षी संसदेनं हा कायदा केला, इथवर येईपर्यंत मला वाटलं, संसदेलाही एवढे कष्ट पडले नसतील. मग आलं पाचवं कलम. मूल एक शाळा सोडून दुसरीकडे जाऊ शकतं, राज्याच्या आत किंवा बाहेर. आणि शेवटी काका खुर्चीत सावरून बसले. परंतु, दाखला आणायला उशीर झाला, एवढ्यावरून नव्या शाळेला प्रवेश लांबवता येणार नाही की नाकारता येणार नाही.

मी परत वाचलं. मग पिंकीनं वाचलं, माझ्यापेक्षा घडघडीत. रोज दुपारी येऊन वाचायचं, पुस्तक मिटून म्हणता येईपर्यंत, असा हुकूम झाला. दुकानात मी पिको करताना पुटपुटायचे आणि भाभी म्हणायच्या, "बाई, नजर काढून राहिल्यात का माझी?"

शेवटी मी म्हटलं, "काका, तुम्ही चला ना बरोबर."

"मी येणार नाही. मी आलो तर ते माझ्याशी बोलतील. पोरगी तुमची आहे."

शाळेत मोठ्या मॅडमच्या खोलीत मी उभी राहिले आणि बोलायला तोंड उघडलं तर मधलं काहीच आठवेना. सुरुवातीपासूनच निघालं. कायद्याचं पूर्ण नाव, वर्ष, भारत गणराज्याचं साठावं वर्ष, सगळं, श्वास न घेता, डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे लावून. बाबूजी फाइल हातात धरून बघत राहिले. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मी संसदेपर्यंत आले तेव्हा त्या हसायला लागल्या.

"एक मिनट. आप ऊपर वाले काका के यहाँ से आई हैं?"

मी मान हलवली. मला वाटलं, संपलं.

"मुझसे भी पढ़वाया था, तबादले के टाइम. मैं भी बड़े साहब के सामने नाम से ही शुरू हो गई थी." मग त्यांनी बाबूजींकडे बघितलं. "बच्ची को आज ही बिठा दीजिए. टीसी आती रहेगी."

बाबूजी म्हणाले, "वो तो मैं भी बोल ही रहा था," आणि पिंकीला वर्ग दाखवायला स्वतः घेऊन गेले. पण मी अजून उभीच. मॅडम म्हणाल्या, "बैठिए ना." मी म्हटलं, "मॅडम, परंतु राहिलाय." त्या म्हणाल्या, "तो सुना दीजिए." मी परंतुक म्हणून दाखवलं, थांबायचं तिथे थांबून. मग खुर्चीत बसून रडले. बाहेर आले तर शाळेसमोरच्या जामवाल्याच्या, म्हणजे आपल्या पेरूवाल्याच्या, गाडीआड काका, हातात एक जाम, त्यावर जीरावण. "इकडे जाम चांगले मिळतात," ते म्हणाले. ते न आल्यासारखे आले होते, मीही त्यांना न बघितल्यासारखं बघितलं.

आता एवढे उपकार झाल्यावर माणसाला स्वस्थ बसवतं का? काकांना काही द्यायला जावं तर घेत नसत. मग माझं लक्ष त्यांच्या व्हरांड्याकडे गेलं. काकांचं घर शाळेच्या वाटेवरच. एका घराचे मधोमध दोन भाग केलेले, एकात काका एकटे, दुसऱ्यात त्यांचे धाकटे भाऊ एकटे. वाटणी झाल्यापासून दोघं बोलत नव्हते. धाकट्यांच्या न्हाणीघराचा पाइप भिंतीतून बाहेर येऊन नेमका काकांच्या व्हरांड्यात सांडायचा. आणि काका रोज सकाळी त्याच पाइपाजवळ खुर्ची टाकून, छत्री उघडून, पेपर वाचत बसायचे. घरात बसून छत्री धरणारा मनुष्य इंदुरात दुसरा नसेल. सगळी गल्ली हसायची. "काका, जगाला कायदा शिकवता, हा पाइप का नाही बंद करवत?" काका छत्रीखालून म्हणत, "त्यावर वाचून राहिलो अजून."

मला ते सहन होईना. मीच वर गेले, आणि काका जेवायला गेलेले असताना पुस्तक काढून मोठ्यानं वाचलं. भारतीय सुखाचार अधिनियम. शेजाऱ्याच्या भिंतीचं, वाटेचं, पाण्याचं सगळं त्यात आहे, आणि नाव सुखाचार! मग एका रविवारी सकाळी, काका वाचनालय उघडायला गेल्यावर, धाकट्या काकांच्या दारात उभी राहिले आणि सुरू झाले, नावापासून. धाकटे काका बनियनवर, खांद्यावर टॉवेल. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "आमचे वडील असंच वाचून घ्यायचे दोघांकडून. त्याने पाठवलं तुम्हाला?"

"नाही. त्यांना माहीत पण नाही."

"तो स्वतः नाही आला भांडायला?" त्यांनी विचारलं. मला त्यांचा आवाज जरा पडल्यासारखा वाटला, पण मी विजयाच्या नादात होते. त्याच दिवशी, काका वाचनालयातून परतायच्या आत, त्यांनी प्लंबर बोलावून पाइप मागच्या गटाराकडे वळवला.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडलं नाही. दुपार झाली तरी वरून कायदा गळेना. भाभीच म्हणाल्या, "काकासाबला बघून या हो, चैन नाही पडत." मी गेले. काका कोरड्या ठक्क व्हरांड्यात बसले होते. छत्री मिटून मांडीवर. पेपर घडीसुद्धा न मोडलेला.

"पाणी आलं नाही आज," ते म्हणाले.

"मी बंद करवलं काका!" मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. "सुखाचार वाचून!"

ते हळू म्हणाले, "तो उठतो, नहातो, पाणी येतं. मला समजतं, उठला. त्याला शुगर आहे. आज नाही आलं. सकाळपासून त्याच्या दाराशी जाऊन येऊन राहिलो."

"मग बेल नाही वाजवली?"

काकांनी मांडीवरची छत्री सरळ केली. मी घाईघाईनं म्हटलं, "ठीक आहेत हो ते! आत्ता येताना बघितलं, बाजारात प्लंबरच्या दुकानाशी त्याच्यावर ओरडून राहिले होते, नळ ढिला बसवला म्हणून."

"ओरडून राहिला होता?" काका सावरून बसले, परंतुकाला बसत तसे. "जोरात?"

"फार जोरात. अर्ध्या बाजाराला ऐकू येत होतं."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि पेपरची घडी मोडली.

पाइप परत फिरवा म्हणायला जायचं मला धाडस झालं नाही, आणि त्यासाठी कुठलं कलमही मिळेना. तोडगा काढला तो पिंकीनं. शाळेला जाताना ती आधी धाकट्या काकांच्या फाटकातून डोकावायची आणि मग पुढे येऊन व्हरांड्यात ओरडायची, "उठले! चहा पिऊन राहिलेत!" काका छत्री नसलेल्या हातानं तिला जा म्हणून खूण करत. काही दिवसांनी तिनं मला सांगितलं की धाकटे काकाही तिला विचारतात, "छत्रीवाले बसलेत का जागेवर?" मग ती मागे वळून तिकडचीही बातमी देते. या दोन बातम्यांपायी तिला शाळेत रोज उशीर व्हायचा, आणि बाबूजी रोज तिला आत घ्यायचे. गावाकडचा दाखला यथावकाश आला. तो कोणी मागितलासुद्धा नाही.

यंदा पिंकी आठवी पास झाली. माझ्याही पुढे गेली. ती शाळा आठवीपर्यंतच, पुढची लालबागेच्या बाजूला आहे, बस पकडून, दुसऱ्याच रस्त्यानं. निकाल घेऊन ती दोन्ही काकांना नमस्कार करून आली तेव्हा मला एकाच वेळी इतका आनंद आणि इतकी काळजी वाटली की मी दोन्ही घरचे पेढे चुकून एकाच घरी दिले. काका म्हणाले, "काळजी करू नका. काहीतरी परंतुक निघेल." पण त्यांनी ते माझ्याकडे न बघता म्हटलं. वाचनालयात आता कमिटीनं स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी टेबलं टाकली आहेत. मुलं कानात मोबाइलची बोंडं घालून बसतात. 'कृपया मोठ्याने वाचा'ची पाटी काकांनी स्वतःच उतरवून आणली, ती व्हरांड्यात भिंतीला टेकून असते.

शाळा सुरू झाली. पिंकी नव्या बसनं गेली. मी दुकानात जाताना मुद्दाम त्या वाटेनं गेले, म्हटलं निदान आज तरी मीच बातमी देते. तर व्हरांड्यात खुर्ची रिकामी. काका धाकट्यांच्या फाटकाशी उभे होते, धुतलेला सदरा, काखेत छत्री. हात बेलजवळ नेत होते आणि खाली घेत होते. मग त्यांनी चष्मा सावरला आणि दाराच्या पाटीवरचं नाव वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. भावाचं नाव झालं. मग दोघांच्या वडिलांचं नाव आलं, आणि तिथे ते थांबले, थांबायचं असतं तसे.

मी भिंतीला चिकटून उभी राहिले. आतून खोकल्याचा आवाज आला, चपला फरफटल्याचा आला, आणि मग दाराच्या आतूनच कोणीतरी म्हणालं,

"पुढे?"